देवदारातली थाप

पटो न पटो, बालिंत केरेकेशच्या बाबतीत हे घडलंय. मी त्याच कॅम्पात होतो. त्याच्यासारखाच हंगेरीतून पळून आलेला.

सत्तावन सालचा नोव्हेंबर. व्हँकुव्हर बेटावरचं लाकूडतोडीचं रान. धुकं इतकं, की दुपारीच कंदील लागायचे.

वर्षापूर्वी रशियन रणगाडे आले, तेव्हा बालिंत आणि त्याचा धाकटा भाऊ देनेश सरहद्दीवरच्या दलदलीतल्या लव्हाळ्यांतून निसटत होते. देनेश मागे होता... मग नव्हता.

मेला? पकडला गेला? की कुठे जिवंत आहे?

काहीच कळलं नाही. तेव्हापासून बालिंतच्या पायाला भिंगरी. एका कॅम्पात टिकायचा नाही. पण जाईल तिथे खोलीतली समोरची खाट रिकामी ठेवायचा.

"देनेश येईल," म्हणायचा.

त्या दुपारी तो आणि त्याचा जोडीदार तोइवो एका जुन्या देवदारापाशी आले. तोइवो फिनलंडचा, तोंडाने फटकळ. तोडण्याआधी झाड ठोकून बघतात. पोकळ असलं तर भलतीकडे कोसळून जीव घेतं.

बालिंतने कुऱ्हाडीची पाठ खोडावर हाणली.

ठक्. भरीव आवाज.

त्याने कुऱ्हाड खाली टेकवली. आणि...

ठक्... ठक्... ठकठक.

झाडाच्या आतून.

"सुतारपक्षी असेल," तोइवो म्हणाला.

"एवढ्या धुक्यात? घरी बायको मारते वाटतं त्याला!"

बालिंत हसला. आणि हसता हसता सवयीने बोलून गेला,

"सॉबॉद!"

दारावर थाप पडली की आम्ही आतून हेच ओरडतो. 'मोकळं आहे, या.' स्वतंत्र, सुटलेला, यालाही आमच्याकडे हाच शब्द.

रान चिडीचूप झालं.

"काय म्हणालास रे?"

"काही नाही. आत या म्हटलं."

"झाडाला?" तोइवो थुंकला. "अरे शहाण्या, कोण आहे ते तरी आधी विचारायचंस!"

झाड पाडलं. आत बोटभरही पोकळी नव्हती.

परतताना मागे पावलं वाजू लागली. वाटेवर पाणी कुठेच साचलं नव्हतं. आवाज मात्र पाण्यातून चालल्याचा...

चुबुक... चुबुक...

दोघं थांबले. आवाज थांबला.

बालिंत आपल्या खोलीपाशी पोचला. कडीला हात घालणार, तोच...

ठक्... ठक्... ठकठक.

दाराच्या आतून.

आता कुठे त्याला ती थाप ओळखू आली. देनेश घरी अशीच वाजवायचा, आईला हसवायला.

"देनेश?"

थाप थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

त्याची हाक ऐकून आम्ही धावत गेलो. तोइवोने दार ढकललं. आत कुणी नव्हतं. समोरच्या खाटेवरची घोंगडी मात्र चिंब भिजली होती, आणि खोलीभर लव्हाळ्यांचा वास. तो वास मी विसरलेलो नाही. मीही तिथूनच आलो होतो.

त्यानंतर बालिंतने कॅम्प बदलला नाही. संध्याकाळ झाली की आतून थाप पडायची. तो बाहेरूनच खोलीभोवती येरझाऱ्या घालायचा.

"त्याला बाहेर पडायचंय," तोइवो एकदा चिडून म्हणाला. "तो तुमचा शब्द म्हण आणि सोड की त्याला!"

"आणि तो गेला तर?" बालिंत म्हणाला. "मेल्याशिवाय कुणी असं ठोकतं का? मी बोललो नाही, तोवर माझा भाऊ मेलेला नाही."



कॅम्प केव्हाच उठला. तोइवोही गेला. बालिंत अजून तिथेच राहतो, एकटा. परवा मी गेलो, तर पाऊस अंगावर घेत बाहेर पायरीवर बसून जेवत होता.

आत थाप चालू होती.

"हल्ली फार घाई करतो," तो हळूच म्हणाला. घास हातातच राहिला होता.

शब्द मलाही येतो. ओठांपर्यंत आला होता... पण भाऊ त्याचा. मी उठलो.

गाडीचं दार लावून घेतलं, तरी थाप ऐकू येत होती. पहिल्यांदाच वाटलं, जाऊ का, म्हणून आता देनेश मला विचारतोय.