काटकोनचा ओळंबा

वीज गेली तेव्हा नातवंडं रंगारी आजोबांच्या खालच्या खोलीत जमली. तिथे रंगाचे वाळलेले डबे होते, कडक झालेले ब्रश होते आणि कपाटासमोर कायम उभी असलेली घडीची शिडी होती. आजोबांनी शिडी ओढून मध्ये घेतली, तिच्या पायरीवर मेणबत्ती लावली आणि स्वतः उलट्या डब्यावर बसले.

"भुताची सांगा," चिमणी म्हणाली. ती सगळ्यांत धाकटी.

"खरी सांगा," तिचा भाऊ म्हणाला. घरातलं प्रत्येक खेळणं उघडून बघितल्यामुळे त्याचं नाव इंजिनीयर पडलं होतं. "मागची खोटी होती. मी पकडली होती."

"ही भुताची आहे की नाही, मला ठाऊक नाही," आजोबा म्हणाले. "खरी आहे, एवढं नक्की. ज्याच्यावर बेतली, त्याच्याबरोबर मी अर्धं आयुष्य कामं केली. तो फरशी बसवायचा, मागून मी रंग द्यायचो."

मोठी नात गुडघे पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसली होती. ती सहसा बोलत नसे, फक्त बघत असे.

मग आजोबांनी सांगायला सुरुवात केली.

त्या माणसाला सगळे काटकोन म्हणायचे. त्यानं बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती ठेवली तिथेच राहायची. वाकडं त्याला सहनच होत नसे. कुणाकडे जेवायला गेला तरी आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायचा आणि मग ताटाकडे वळायचा. त्याच्या लग्नाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि हा एकटा मागच्या पडद्याकडे. पडदा एका बाजूला उतरला होता म्हणे.

त्याच्या खिशात ओळंबा कायम असायचा. एक दोरा, टोकाला पितळी वजन. वरून सोडला की सरळ उभं म्हणजे काय ते कळतं. "डोळा फसतो, भिंत फसवते, ओळंबा नाही," असं तो म्हणायचा. त्याच्या मुलीलाही हे काम आवडायचं. तिला सगळे पिटुकली म्हणायचे, नुकतीच शाळेत जायला लागली होती. सुट्टीच्या दिवशी ती कामावर यायची. बाप वरून दोरा सोडायचा आणि ही खाली बसून झुलणारं वजन चिमटीत धरून स्थिर करायची. दोरा भिंतीला लागला की ओरडायची, "बाबा, आलं!"

डिसेंबरातला शेवटचा रविवार. डोंगरापलीकडच्या एका कामावर फरशी कापायचं मशीन परत द्यायचं होतं. काटकोननं व्हॅन काढली तशी बायको दारात.

"रविवारीसुद्धा? मग आम्हालाही न्या. महिनाभर तुमचं तोंड पाहिलं नाही आम्ही."

डबा भरला, संत्री घेतली. वाटेत मेव्हणा चढला. त्याचं चपलांचं दुकान होतं आणि जीभ दुकानापेक्षा जोरात चालायची. मशीन पोचवलं. येताना माळावर एक गंजलेली पाटी दिसली. पुढे प्राचीन दगडांचं रिंगण आहे, असं तिच्यावर लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ होती, पण ती गंजानं खाल्ली होती.

तिथे दुसरं कुणी नव्हतं. माणसाच्या उंचीचे दगड गोल उभे होते, मध्ये गवत. चौघं गवतात जेवायला बसले. सगळे दगड ताठ. एक मात्र आत कलला होता.

"भाऊजी, तिकडे पाठ करून बसा," मेव्हणा म्हणाला, "नाहीतर घास उतरायचा नाही."

काटकोन पाठ करून बसला. मान मात्र वळत राहिली. शेवटी अर्धं संत्रं हातात तसंच ठेवून तो उठला.

"अहो, हजारो वर्षं उभा आहे तो," बायको म्हणाली. "तुमच्यावाचून."

"तेव्हा मी नव्हतो ना."

त्यानं ओळंबा सोडला. पिटुकली पळत आली, दगडाच्या कलत्या बाजूखाली बसली आणि वजन चिमटीत धरलं. बुंध्याशी दोरा आणि दगड यांच्यामध्ये बरोबर चार बोटांची फट होती. मग व्हॅनमधून पहार आली. मेव्हण्यानं खांदा लावला. काटकोननं निळ्या फरशीच्या तुकड्याची पाचर बुंध्याखाली सरकवली आणि हातोडीनं हलकेच ठोकली.

दगड सरळ झाला.

एवढा मोठा दगड. त्याला खरं तर क्रेन लागायला हवी होती. पण वाट बघत असल्यासारखा तो उठला. तेव्हाच काटकोनला कसंतरी वाटलं होतं, असं नंतर त्यानं मला सांगितलं.

"बाबा, आलं," पिटुकली म्हणाली. नेहमीसारखी ओरडली नाही. हळू म्हणाली.

सोमवारी सकाळी काटकोन दात घासत होता. पिटुकली शेजारी उभी होती, आरशात दिसत होती. वाकडी.

त्यानं आरसा सरळ केला. ती वाकडीच.

"नीट उभी राहा."

"नीटच उभी आहे."

त्यानं आधी संशय घेतला तो स्वतःच्या फरशीवर. बघा, माणूस कसा असतो! गोटी आणून ठेवली. गोटी हलली नाही. मग तिचे बूट उलटे करून बघितले. टाचा सारख्या झिजलेल्या. मग संशय मेव्हण्यावर. हे सोंग त्यानंच शिकवलं असणार. फोन लावला.

"शपथ, भाऊजी! मी तिला फक्त शिट्टी शिकवली. तीसुद्धा ताईला सांगू नका."

"कान," इंजिनीयर मध्येच म्हणाला. "तोल कानात असतो. शाळेत शिकवलंय."

"डॉक्टरही तेच म्हणाले, इंजिनीयर. कान बघितले, पाठ बघितली. दप्तर एकाच खांद्यावर घेते का, विचारलं. घेते. मग झालं, म्हणाले."

पण झालं नव्हतं. मंगळवारी काटकोन कामावर गेलाच नाही. दाराच्या फटीतून तिच्यावर नजर ठेवून बसला. सोंग असेल तर एकटी असताना सोडेल. तिनं सोडलं नाही. चित्र काढताना वाकडी. भावलीला जेवू घालताना वाकडी. नेहमी एकाच बाजूला, डोंगराकडे. खोलीत कशीही फिरली तरी कल डोंगराकडेच.

बायको स्वयंपाकघरातून त्याच्याकडे बघत होती. रविवारपासून ती त्याच्याशी धड बोलली नव्हती. दोघांच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती कोणीच बोलून दाखवत नव्हतं.

जेवताना पिटुकलीनं ग्लास उचलला आणि थांबली.

"बाबा, आपल्या घरातलं पाणी तिरकं का झालं?"

"तिरकं नाहीये, बाळा."

"आहे. घरही आहे. तुम्हीसुद्धा सगळे वाकडे झालात." तिनं त्याच्याकडे अशी नजर लावली, जशी तो दोन दिवस तिच्याकडे लावत होता. संशयाची. "तुम्ही माझेच बाबा ना?"

आजोबा थांबले. चिमणी सरकून मोठीच्या कुशीत शिरली.

बुधवार. दिवेलागण. आईनं जेवायला हाक मारली. ओ नाही. पुन्हा हाक. ओ नाही...

पिटुकली गॅलरीत उभी होती. डोळे उघडे. झुकलेली. कालच्यापेक्षा खूप जास्त. असं झुकून माणूस उभं राहू शकत नाही. पडतं.

ती पडत नव्हती.

काटकोननं तिला उचलायला हात घातले. सिमेंटची गोणी एका हातानं खांद्यावर टाकणारा माणूस तो. ती हलली नाही. पाऊलसुद्धा सुटलं नाही. जणू फरशीत रोवली होती. हात धरला. थंड. खरखरीत.

"पिटू..."

ओ नाही.

त्यानं खिशातून ओळंबा काढला. का काढला, त्याला सांगता आलं नाही. सवय. तिच्या डोक्यावरून दोरा सोडला. खाली वजन झुललं. ते चिमटीत धरायला आज कुणी नव्हतं. तरी ते आपोआप स्थिर झालं. दोरा आणि तिचं पाऊल यांच्यामध्ये...

चार बोटं.

बायकोनं ते बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं.

"जा," ती म्हणाली.

तो स्कूटर घेऊन निघाला. माळावर पोचला तेव्हा काळोख पडला होता. चंद्र नाही. स्कूटरचा दिवा तसाच चालू ठेवला. सगळे दगड ताठ होते. कोणता आपला, ते कळेना. त्यानंच तर सगळे एकसारखे करून ठेवले होते.

बुंधे चाचपत गेला. एका बुंध्याशी निळा तुकडा लागला.

पाचर पार आत गेली होती. ठोकली होती त्याहून आत. हातोडी मारली. छिन्नी लावली. ढिम्म हलेना. मग त्याला आपलंच काम आठवलं. वर भार असेल तर पाचर निघत नाही. आधी भार उचलावा लागतो. त्यानं दगडाला पाठ लावली, पाय रोवले...

आणि दचकून बाजूला झाला.

दगड उबदार होता. हिवाळ्याच्या रात्री. झोपलेल्या लेकराच्या पाठीसारखा.

तो तसाच उभा राहिला. मग पुन्हा पाठ लावली. या वेळी हळू. पिटुकलीला पाठीवर घ्यायचा तेव्हा लावायचा तशी. दगड किंचित उचलला गेला. त्यानं वाकून बोटं घातली. पाचर हातात आली.

दगड हळूच आत कलला. आवाजसुद्धा नाही.

फोन वाजला. बायको रडत होती, हसतही होती. "बसलीये हो! जेवायला मागतेय. म्हणते, पाय दुखतात."

काटकोननं जायच्या आधी एकच गोष्ट केली. ओळंबा सोडून बघितला. कल होता तेवढाच व्हायला हवा ना! फटीत बोटं घातली. दोन बोटं बसली. तिसरं शिरेना.

दोनच...

तो निघून आला.

आजोबांनी मेणबत्तीची वात नीट केली.

"पिटुकलीचं काय झालं?" चिमणीनं विचारलं.

"काही नाही. आता बस चालवते ती. छडीसारखी सरळ. तुझ्याएवढी लेक आहे तिला."

"मग उरलेली दोन बोटं कुठे गेली?" इंजिनीयरचा आवाज बारीक झाला होता, तरी प्रश्न पक्का होता.

"दुसऱ्या दिवशी काटकोननं ओळंबा धरून एका न्हाणीघराच्या भिंतीला फरशी लावली. संध्याकाळी मालकानं त्याला शिव्या दिल्या. भिंत वाकडी होती. आयुष्यात पहिल्यांदा. तेव्हा त्यानं ओळंबा मला दिला. म्हणाला, तू रंगारी, तुला हा कधी लागायचा नाही. तुझ्याकडे ठेव. टाकू नकोस. कुठे पडेल, कोण उचलेल, काय सांगावं."

सगळ्यांनी एकदमच वर बघितलं. रोज शिडीच्या मागे झाकलेलं असायचं, ते आज उघडं पडलं होतं. कपाटाच्या वरच्या कडेला हुक होता. हुकाला दोरा होता, टोकाला पितळी वजन. दोरा कपाटाच्या कडेशी सरळ खाली येत नव्हता. डोंगराच्या बाजूला ओढल्यासारखा तिरका लोंबत होता.

"कपाट वाकडं असेल," इंजिनीयर म्हणाला. "नाहीतर जमीन."

"ही फरशी काटकोननं बसवलीये."

इंजिनीयरनं खिशातून गोटी काढली आणि फरशीवर ठेवली.

गोटी ठेवली तिथेच राहिली.

वारा नव्हता. मेणबत्तीची ज्योत सरळ उभी होती.

"मला दिला तेव्हा दोन बोटं होता," आजोबा हळू म्हणाले. "आता माझा हात थरथरतो. मोजलं नाही बरेच दिवस."

मोठी नात उठली. कपाटाशी गेली आणि खाली वाकली. दोऱ्याला धक्का न लावता तिनं दोरा आणि कपाटाची कड यांच्यामधल्या फटीत बोटं घातली. एक. दोन. तीन. चार.

आणखी थोडी जागा उरली होती.