दोरे दिसतात

ऑफिसात तिला सगळे खोडरबर म्हणत. जुन्या सिनेमांची रिळं संगणकावर चढवायची आणि मग एकेका चौकटीवरची धूळ, ओरखडे, बुरशीचे डाग पुसत बसायचं, हे तिचं काम. एका सेकंदाला चोवीस चौकटी. डोळ्यांना इतकी सवय झाली होती की आरशासमोर उभी राहिली तरी स्वतःच्या चेहऱ्याआधी तिला काचेवरचा डाग दिसायचा.

त्या आठवड्यात टेबलावर आलेलं रीळ तिच्या बाबांचं होतं. म्हणजे सिनेमा दुसऱ्या कुणाचा, पण त्यातली उडती तबकडी, परका ग्रह, यानातली यंत्रं, सगळं बाबांनी स्वतःच्या हातांनी केलेलं. याला चाळीस वर्षं झाली. तेव्हा पैशांच्या नावानं बोंब होती, म्हणून तबकडी दोन मोठ्या ताटांची आणि वर एक गाळणी. यंत्रांची बटणं म्हणजे बाटल्यांची झाकणं. अंतराळवीराच्या डोक्यावर मासे ठेवायचं काचेचं भांडं, आणि ते घालून माणूस बोलायला लागला की दुसऱ्याच वाक्याला आत वाफ धरायची. यानातला एकच बोळ तीनदा दाखवला होता, तिसऱ्यांदा उलटं चालून.

एवढं सगळं लोकांनी खपवून घेतलं असतं. पण पहिल्याच खेळाला तबकडी पडद्यावर आली आणि मागून कुणीतरी ओरडलं, "दोरे दिसतात!" मग जे थिएटर हसायला लागलं ते शेवटपर्यंत. ठरलेला नट ऐनवेळी न आल्यामुळे अंतराळवीर म्हणून बाबाच उभे राहिले होते. त्यांच्या कमरेचा जाडजूड दोर दिसला तेव्हा तर, "दावणीला बांधलाय रे याला!" अशी आरोळी उठली. ती तेव्हा सहा वर्षांची, बाबांच्या मांडीवर. बाबांनी तिच्या कानांवर हात ठेवले. पुढे त्यांनी सिनेमाचं नाव काढलं नाही. वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान टाकलं. रोज सकाळी आधी स्वतः काट्यावर उभं राहायचं, मग चहा, हा त्यांचा नेम. चाळीस वर्षं काटा अठ्ठावन्नवर.

आता हाच सिनेमा 'फसलेल्या सिनेमां'च्या महोत्सवात लागणार होता, आणि बाबांना पहिल्या रांगेत बसवायचं घाटत होतं.

"ओरखडे काढा, दोरे मात्र ठेवा हं," केस मागे बांधलेला आयोजक म्हणाला. "दोऱ्यांसाठीच तर लोक येणार. मोठ्या सिनेमात सगळं इतकं खरं दिसतं की बघायला काही उरतच नाही. इथं पुठ्ठा सरळ पुठ्ठा दिसतो, आणि तरी ती माणसं त्या पुठ्ठ्यासाठी जीव द्यायला निघालेली. मला रडूच येतं."

"रडता की हसता?"

"दोन्ही," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

तिच्या डोक्यात फक्त हसणं राहिलं. शहात्तर वर्षांच्या बाबांना पुन्हा त्याच हसण्यात बसवायचं? तिच्या जिवात जीव असेपर्यंत नाही. संध्याकाळी तिनं बाबांना सांगितलं, "मी दोरे पुसून टाकते."

बाबा एका काट्याची स्प्रिंग बसवत होते. "राहू देत."

"परत हसतील लोक."

"हसू देत. हसल्यानं कुणाच्या अंगाला भोकं पडत नाहीत."

"तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"मी तेव्हा त्या दिग्दर्शकाला सांगितलं होतं, दोर जाड लागतील. का, तेही सांगितलं. तो हसला. तुझी आई पण हसली." त्यांनी स्प्रिंग परत काढली. "तेव्हापासून मी कुणाला काही सांगत नाही. तू दोरे राहू दे, बाळा."

बाबांचा स्वभावच भिडस्त, असं समजून तिनं गपचूप काम सुरू केलं.

तबकडीला वरून तीन दोरे होते. दोनशे चौकटी पुसून झाल्यावर एक गोष्ट तिच्या नजरेला खुपली. तिन्ही दोरे ढिले होते. जड वस्तू टांगली की दोरा ताठ होतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. हे मात्र कपडे वाळत घालायच्या दोरीसारखे पोटात झोल घेऊन लोंबत होते. तिनं चित्र मोठं केलं. तबकडीच्या खाली, पुठ्ठ्याच्या डोंगरामागे, चौथा दोर होता. तो खाली जमिनीकडे गेला होता, एका दगडाला बांधलेला, आणि ताठ होता.

हलू नये म्हणून बांधला असेल, असं म्हणून तिनं तोही पुसला.

दुसऱ्या दिवशी तबकडी डोंगराच्या शेंड्यापासून जरा वर दिसत होती. काल आपलंच मोजमाप चुकलं असेल, असं ती धरून चालली. त्या सकाळी बाबांचा काटा चोपन्नवर थांबला.

"दिव्याखाली अंधार," ती म्हणाली. "काटेवाल्याच्या घरचाच काटा बिघडला."

एरवी बाबांनी टोला परतवला असता. आज त्यांनी फळीवरून दोन किलोचं पितळी वजन उचललं आणि कोटाच्या खिशात टाकलं.

ती घाबरली. डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, दोनदा वजन केलं, मग काट्याला टपली मारली. "रिपोर्ट तर माझ्यापेक्षा चांगले आहेत. वाळलेही नाहीत. पट्टा कुठल्या भोकावर लावता?"

"नेहमीच्याच," बाबा म्हणाले.

त्या आठवड्यात तिनं बाबांच्या कमरेचा दोर पुसला. अकराशे चौकटी होत्या. प्रत्येक चौकटीत वाफेआडून छत्तीस वर्षांचे बाबा समोर बघत होते आणि त्यांच्या कमरेपासून दोर खडकामागे गेला होता. ताठ. तो नाहीसा होत गेला तसं तिला बरं वाटत गेलं. आता कुणी दावणीचं नाव काढणार नव्हतं.

काटा एकेचाळीसवर आला. मग तेहतीसवर. खिशांत आता चार वजनं होती, आणि बाबा घरातसुद्धा भिंतीला हात लावून चालायला लागले होते.

सुतावरून स्वर्ग गाठू नकोस, असं तिनं स्वतःला बजावलं. तरी खेळाच्या दिवशी सकाळी ती ऑफिसात गेली. संगणकावर मूळ प्रत जपून ठेवलेली होती, न पुसलेली. तिच्यातले दोर जसेच्या तसे परत घ्यायचे, बस. तिनं ती उघडली.

मूळ प्रतीत दोर नव्हते.

तिनं डब्यातून रीळ काढलं, खिडकीशी नेलं आणि उन्हासमोर धरलं. या रिळाला तिनं कधी ब्रशसुद्धा लावला नव्हता. एकेक चौकट सरकवत ती बघत गेली. तबकडी होती, डोंगर होता, बाबा होते. दोर एकाही चौकटीत नव्हता.

घरी येऊन ती बाबांसमोर बसली. "मी पुसले, बाबा."

"कळलं मला. काटा चोपन्नवर आला तेव्हाच कळलं."

"बोलला का नाहीत?"

"तुला वाईट वाटलं असतं."

तिला रडू फुटलं. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात ठेवल्याचं तिला जाणवलंच नाही, म्हणून तिनं वर पाहिलं.

"आज नको जायला," ती म्हणाली.

"जाऊ या. कुठपर्यंत जातो ते मला बघायचंय."

दुपारी तीनचा खेळ होता. थिएटर भरलं होतं, लोक हसायच्या तयारीनंच आले होते. झाकणांच्या बटणांवर हसले, बोळावर हसले, वाफेवर तर टाळ्या पडल्या. तिनं बाबांचा हात घट्ट धरला होता.

मग तबकडी आली.

कुणी हसलं नाही.

तबकडी डोंगरावरून वर सरकली, सरकत सरकत पडद्याच्या वरच्या कडेतून बाहेर गेली. हे तिनं केलेलं नव्हतं.

मग अंतराळवीर. तो लाल मातीवर उभा होता. त्यानं खाली पायांकडे पाहिलं.

बूट मातीपासून सुटले.

डोकं कडेबाहेर गेलं, मग कंबर, शेवटी बूट. पडद्यावर नुसती लाल माती राहिली. थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही.

"एवढंच?" बाबा हळूच म्हणाले. "पुढचं दाखवतच नाहीत."

दिवे लागले आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. आयोजक धावत आला. पुसू नका म्हटलेलं तो पार विसरला होता. "कसं केलंत हो हे? एकही दोरा दिसत नाही!"

ती बाबांना घेऊन बाहेर आली. दारात त्यांच्या कोटाच्या एका खिशाची शिवण उसवली. दोन वजनं पायऱ्यांवर आपटत खाली गेली. मग दुसरा खिसा. बाबांचा हात तिच्या हातात होता आणि तो तिचा हात वर ओढत होता, अगदी हलकेच.

पुढे उघडं मैदान होतं आणि मैदानाच्या पलीकडे तिची गाडी. वर एक ढग नव्हता.

"छपराखालून नाही का जाता येणार?" बाबांनी विचारलं.

"नाही, बाबा."

"मग हात सोडू नकोस." लहानपणी रस्ता ओलांडताना ते तिला हेच सांगायचे.

गाडीची किल्ली पर्समध्ये होती. पर्सची चेन अडकायची, दोन्ही हातांनी ओढल्याशिवाय उघडायची नाही. ती पायरीवरच थांबली. उतरत्या उन्हात दोघांच्या सावल्या समोर पडल्या होत्या. तिची तिच्या चपलांपासून सुरू होत होती. बाबांची सावली त्यांच्या बुटांना टेकलेली नव्हती. मध्ये चार बोटांचं ऊन होतं.