पाहुणा नावाचा व्हॉल्यूम

रुग्णालयाच्या संगणकावरचे ताजे एक्स-रे गायब झाले होते. ऑपरेटर मुलीला दाराबाहेर बसवलं होतं. संध्याकाळपर्यंत तिची नोकरी जाणार, हे शिपायालाही ठाऊक होतं.

तपासाला आलेल्या ताई निवृत्त झाल्या होत्या, पण युनिक्स या संगणक प्रणालीवर हात अजून बसलेला. संगणक विभागाचा प्रमुख त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. “मुलीची चूक उघड आहे, नुसती सही कर,” असं त्यानंच फोनवर सांगितलं होतं.

संचालक आणि भावासमोर ताईंनी मुलीला आत बोलावलं.

“काय पुसलंस?”

“डिस्कचा ‘जुना’ नावाचा भाग, व्हॉल्यूम, मॅडम. आमच्या साहेबांनीच सांगितलं होतं.”

“नाव नीट वाचलंस?”

“दोनदा वाचलं हो!”

“रडलं की सगळेच खरे वाटतात,” भाऊ म्हणाला.

ताईंनी उरलेला व्हॉल्यूम तपासला. बाहेरून नाव ‘चालू’. पण आतल्या फाइल सिस्टीमला वेगळं लेबल असतं, बाहेरचं नाव बदललं तरी ते तसंच राहतं. तिथं ‘जुना’ होतं. मग यंत्रानं आपणहून जपलेली आधीची नावं त्यांनी काढली आणि एका नावावर त्यांचं बोट थांबलं.

“मुलगी निर्दोष आहे,” त्या संचालकांना म्हणाल्या. “तिनं पुसायच्या आधीच दोन्ही नावांची अदलाबदल झाली होती. ‘जुना’ म्हणून तिनं पुसला, तो खरा ‘चालू’.”

“चुकून झाली असेल,” भाऊ घाईनं म्हणाला.

“चुकून? दोन व्हॉल्यूमना एकच नाव चालत नाही. आधी एकाला तात्पुरतं तिसरं नाव द्यावं लागतं. चुकून कोणी तीनदा नाव बदलत नाही. शिवाय दोन्ही आधी रीतसर अनमाउंट केलेत, म्हणजे वापरातून सोडवलेत. अगदी सांभाळून केलेलं काम आहे.”

“कोणी केलं?” संचालकांनी विचारलं.

“तिसरं नाव ‘पाहुणा’ आहे. ही माझी सवय. मी ती एकालाच शिकवली, घरी, जेवणाच्या टेबलावर.”

भावाचा चेहरा उतरला. “ताई, फायली आधीच खराब झाल्या होत्या. बॅकअप घ्यायचा राहिला होता. माझी नोकरी गेली असती गं.”

“म्हणून हिची घालवायची?”

“घरचं माणूस आहेस तू!”

ताईंना त्याची किळस आली, आणि त्याला इतकं नीट शिकवल्याची स्वतःचीही.

संचालकांनी अहवाल पुढे सरकवला. दोषीचं पूर्ण नाव हवं होतं. ताईंनी भावाचं नाव लिहिलं. पुढे वडिलांचं लिहिताना मात्र पेन थांबलं.

“लिहू नकोस,” भाऊ पुटपुटला.

त्यांनी लिहिलं.