वाऱ्याच्या बाजूचा ढीग

ड्रूची आणि माझी पहिली गाठ पडली ती एका चोरीवरून. चोर माझ्याकडची होती, माल त्याचा.

नोव्हेंबरातली सकाळ होती. हाकारे काठ्या आपटत रानातून बाहेर पडले होते, बंदुका थंडावल्या होत्या, आणि मी माझ्या कुत्रीला, टॅन्सीला, पडलेला पक्षी आणायला सोडलं होतं. उन्हाळाभर तिनं नुसत्या कापडी गुंडाळ्या आणल्या होत्या... तळ्यातून, गवतातून, भिंतीपलीकडून. गुंडाळी पडली तरी माझी शिट्टी होईपर्यंत ती जागची हलायची नाही. पण गुंडाळीला ऊब नसते, पिसं नसतात. खरा पक्षी तिच्या नशिबात त्याच दिवशी पहिल्यांदा आला होता.

मी दाखवलेल्या दिशेला ती निघाली, मधेच नाक वर केलं, गर्रकन वळली, आणि दगडी भिंतीमागून एक फेझंट, लांब शेपटीचा रानकोंबडा, तोंडात धरून डौलात परत आली. तिच्या मागोमाग भिंतीवरून एक माणूस डोकावला. टोपीवरून पाणी गळत होतं, आणि डोळ्यांत हसू.

"तो पक्षी माझ्या ढिगातला आहे."

"ढिगातला?"

"आत्ताच वेचून, ओळीनं मांडून ठेवला होता. तुझी कुत्री आली, सगळे हुंगले, त्यातला गुबगुबीत नर निवडला आणि चालती झाली. निवड चांगली आहे तिची."

लाज वाटली की मी भांडते. आई म्हणायची, एफीचं तोंड आधी धावतं, डोकं मागून चालत येतं.

"चूक तुझी आहे! नवखी कुत्री समोर असताना कुणी ढीग वाऱ्याच्या बाजूला ठेवतं? सगळा वास थेट हिच्या नाकात येतोय. किती वर्षं करतोयस हे काम?"

त्यानं वाऱ्याकडे तोंड केलं, मग ढिगाकडे पाहिलं. त्याच्या पायाशी बसलेल्या म्हाताऱ्या करड्या कुत्र्यानंही पाहिलं.

"खरंच की," तो म्हणाला. "चुकलं."

बस्स, एवढंच. ना वाद, ना सबब. तो पक्षी घेऊन गेला, आणि मी भिजलेल्या गवतात उभी राहून उगाचच टॅन्सीचे कान पुसत बसले.

आमच्या खोऱ्यात शिकारीचा दिवस म्हणजे शनिवार. बंदूकवाले दरीच्या तळाशी उभे राहतात, हाकारे वरच्या रानातून पक्षी उठवतात, दिवसात असे काही हाके होतात, आणि त्यांच्या बऱ्याच मागे आम्ही वेचणारे आपापली कुत्री घेऊन थांबतो. पडलेलं काही मागे राहू नये, जखमी काही तडफडत राहू नये, हे आमचं काम. म्हणजे कामाचा मोठा भाग नुसतं थांबणं! डोक्यावरून पक्षी कोसळत असतात, आणि कुत्र्यानं गप्प बसायचं असतं. धावणारं कुत्रं एक वेळ सुधारतं. कुंईकुंई करणारं मात्र नाही, असं सगळे मानतात. एक कण्हायला लागलं की शेजारचं कण्हतं, सगळी रांग बिघडते.

आणि टॅन्सी कण्हायला लागली.

आधी बारीक, नाकातल्या नाकात. पुढच्या शनिवारी जरा मोठ्यानं. मी दोरी आवळायची, डोळे वटारायची, आणि आवाज वाढायचा. ड्रू आता जवळजवळ दर हाक्याला माझ्या शेजारच्या जागेवर असायचा. योगायोग असेल, म्हणून मी तिकडे बघायची नाही. म्हणजे... बघायची, पण त्याला दिसणार नाही अशा बेतानं.

"सगळे पक्षी तिला देऊ नकोस," एकदा तो भिंतीला रेलून म्हणाला. "तिला बसव आणि तू स्वतः वेच. समोर पडलेलं सगळं आपलं नसतं, हे तिला कळू दे."

"आणि मी चिखलात वाकत फिरू?"

"मला बघायला आवडेल."

"काय?"

"कुत्री कशी शांत बसते ते," तो म्हणाला, आणि मर्कला... त्या करड्या कुत्र्याला... घेऊन ओढ्याकडे उतरला.

आता सांगा, या वाक्याचं माणसानं करायचं काय? मी आठवडाभर ते उलटंसुलटं करून पाहिलं. ड्रू खोऱ्यापलीकडे जंगलखात्यात काम करायचा. आमच्या बाजूला तो यायचा तो फक्त शनिवारी. बोलायचा मोजकं, हसायचा अर्धवट, आणि दिवस संपला की टोपीला बोट लावून गाडीत बसायचा. मग रविवार ते शुक्रवार मी आणि माझी घालमेल.

जानेवारीत डॉडनी मला बाजूला घेतलं. डॉड या रानाचे रखवालदार. पक्षी वाढवण्यापासून रांगेत कोण कुठे उभं राहणार इथपर्यंत सगळं त्यांच्या हातात. टॅन्सीची आई याच रानात म्हातारी झाली, आणि डॉडनी तिला पाठीवर घेऊन ओढा ओलांडलेला मी पाहिलाय. त्यामुळे त्यांचं बोलणं जास्तच लागलं.

"पोरी, आज आणखी एकदा बघतो. आज आवाज आला तर ही रांगेत नको. पुढच्या हंगामातही नको."

"डॉड, ती अजून लहान आहे—"

"लहान आहे म्हणूनच इतके दिवस ऐकून घेतलं."

मी मान हलवली. रांगेतून काढलेली टॅन्सी शेकोटीपुढे लोळेल, जाड होईल, आणि दर शनिवारी लांबून बंदुकांचा आवाज आला की दाराशी जाऊन बसेल. आणि मी? कुत्र्याशिवाय माझं रानात काय काम? मीही दाराशीच.

पहिल्या हाक्याला ती कण्हली. डॉड वर हाकाऱ्यांबरोबर होते, त्यांना ऐकू गेलं नसावं. ड्रूला मात्र गेलं. हाका संपल्याचा भोंगा वाजताच तो भिंत ओलांडून आला.

"दे तिला माझ्याकडे."

"का?"

"एक हाका मी तिला धरतो. तू मर्कला घे. दोष कुत्रीचा की धरणाऱ्याचा, हे कळायला दुसरा उपाय नाही."

"धरणाऱ्याचा? म्हणजे माझा?"

"मी असं म्हटलं नाही."

"म्हणालास की, आत्ता!"

"एफी," तो शांतपणे म्हणाला, "दोरी दे."

मी दिली. रागानं दिली, पण दिली. त्याची बोटं थंड होती आणि माझी त्याहून थंड, आणि दोरी एका हातातून दुसऱ्या हातात जायला खरं तर इतका वेळ लागत नाही.

दुसरा हाका सुरू झाला. रानाच्या माथ्यावरून फेझंट निघाले, वाऱ्यावर स्वार होऊन उंच, आणि बंदुका धडधडल्या. ड्रूच्या पायाशी टॅन्सी थरथरत होती, पण तोंडातून चकार शब्द नाही. मी बघत राहिले. आनंद व्हायला हवा होता... झाला तो नुसता जळफळाट. माझी कुत्री, माझी मेहनत, आणि गप्प बसायची ती याच्याजवळ! त्यानं खाली वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

आणि माझ्या पायाशी काहीतरी कुरकुरलं.

मर्क! ज्यानं उभ्या आयुष्यात रांगेत कधी तोंड उघडलं नाही, ज्याचं उदाहरण डॉड सगळ्या नवख्यांना देतात, तो मर्क चक्क कण्हत होता. मी दोरी आवळली. तो आणखी कण्हला. शेवटी त्यानं माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की मला माफी मागावीशी वाटली.

हाका संपला. ड्रू आला तो हसू दाबत.

"तू माझ्या कुत्र्याला काय केलंस?"

"काही नाही!"

"तो पिल्लू होता तेव्हाही कण्हला नाही, एफी. दोरीतून सगळं खाली उतरतं. हात थरथरला तर कुत्र्याला वाटतं, काहीतरी भयंकर होणार आहे." तो जरा थांबला. "तुला कसली भीती वाटते?"

"भीती नाही."

"मग?"

वारा बोचरा सुटला होता, नाक लाल झालं होतं माझं, टोपीखालून केस सुटून गालाला चिकटले होते. अशा ध्यानात कुणी असलं काही बोलतं का? पण टॅन्सीवर दोष ढकलणं आता शक्य नव्हतं. बिचारी इतके दिवस माझंच दुःख मोठ्यानं सांगत होती.

"तू शेजारी आलास की होतं," मी म्हटलं. "तू ओढ्यापलीकडे असलास की माझा हात ठीक असतो. तू इथे आलास की... झालं. आता हस हवं तर."

तो हसला नाही. आणि नेमका तेव्हाच वरून भोंगा वाजला. शेवटचा हाका!

तो घाईनं वाकला, टॅन्सीच्या गळ्यातून दोरी काढली आणि माझ्या खिशात कोंबली. "हिला मोकळी बसव. हात खिशात घाल. तुझ्या हातातलं तिच्यापर्यंत पोचायला नको."

"मोकळी? ती धावली तर? डॉड मला—"

"नाही धावणार. अख्खा उन्हाळा तू शिकवलंयस तिला." आणि तो मर्कला घेऊन भिंत ओलांडून आपल्या जागेवर गेला.

उत्तर न देता! माणूस आहे की दगड?

तो हाका कधी संपणारच नाही असं वाटलं. हाकाऱ्यांच्या काठ्या अजून लांब वाजत होत्या. मी हात खिशात घातले, दोरी मुठीत आवळली, सोडली, पुन्हा आवळली. का बोलले मी? तो पुढच्या शनिवारी पलीकडची जागा मागून घेईल. टॅन्सी माझ्याकडे बघत नव्हती. ती आभाळाकडे बघत होती. एक पक्षी तिच्या नाकासमोर आपटला. ती पुढे झुकली... आणि पुन्हा मागे बसली. दुसरा पडला, तिसरा पडला. ती पावसातल्या पानासारखी थरथरत होती, पण आवाज नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यानं, असं मी नंतर सांगितलं.

भोंगा वाजला. हाकारे रानातून बाहेर पडले आणि त्यांच्या पुढे डॉड, काठी टेकत थेट माझ्याकडे आले. त्यांनी टॅन्सीच्या रिकाम्या गळ्याकडे पाहिलं.

"मोकळी होती?"

"हो."

"आणि आवाज?"

"नाही आला."

"मला ऐकू आला नाही खरा." त्यांनी ओढ्यापलीकडे काठी दाखवली. "तिकडे एक नर पंख मोडून पडला आणि नेच्यांच्या झुडपांत पळाला. तिला सोड."

"मर्कला पाठवलं तर—"

"मी मर्क म्हटलं का?"

मी टॅन्सीला दिशा दाखवली. ती ओढ्यात झेपावली, पलीकडे चढली, वाळक्या नेच्यांत शिरली आणि दिसेनाशी झाली. मला शिट्टी वाजवायची अनावर इच्छा झाली. भिंतीवरून ड्रूनं नुसती मान हलवली, नको. मी शिट्टी दातांत धरून ठेवली. आता तिचं नाक आणि ती.

मग पार लांब, कुणाला वाटलंही नसतं अशा जागी, नेचे हलले. टॅन्सी बाहेर आली. तोंडात तो नर, मान वर, जिवंत, एक पीसही न विस्कटलेलं. ती ओढा पोहून आली, माझ्यासमोर बसली आणि पक्षी माझ्या ओंजळीत ठेवला. डॉडनी तो अलगद घेतला आणि क्षणात त्याचे हाल संपवले.

"आईवर गेलीय," ते म्हणाले. आवाज जरा घोगरा होता. "पुढच्या शनिवारी वेळेवर या. दोघी." दोन पावलं जाऊन ते वळले. "आणि ड्रू, दर शनिवारी मला ओढ्याकाठची, एफीच्या शेजारची जागा मागणं आता बंद कर. कंटाळा आला मला त्याचा."

मी भिंतीकडे वळले. ड्रू टोपी काढून ती झटकत होता. टोपी काही तितकी ओली नव्हती.

"तू जागा मागून घ्यायचास?"

"हं."

त्याचे वेचलेले पक्षी भिंतीपाशी ओळीनं मांडले होते. वारा त्यांच्यावरून सरळ आमच्याकडे येत होता. टॅन्सीचं नाक वर झालं.

"ड्रू," मी म्हटलं, "ढीग परत वाऱ्याच्या बाजूला ठेवलायस."

"माहितेय."

"इतकी वर्षं काम करतोस आणि—"

"एफी, इतक्या वर्षांत मी ढीग फक्त दोनदा वाऱ्याच्या बाजूला ठेवला," तो म्हणाला. "एकदा आज. एकदा तेव्हा. उन्हाळ्यात तुला तळ्यावर तिला शिकवताना पाहिलं होतं... बोलायला काही कारण सुचत नव्हतं. म्हटलं, तुझी कुत्री तरी येईल."

टॅन्सीनं ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. समोर पडलेलं सगळं आपलं नसतं, हे ती आता पक्कं शिकली होती. ती जागची हलली नाही.

मी मात्र भिंत ओलांडून गेले.