बंद पेवात जळलेला कंदील

वात मोठी कर आणि मध्ये बोलू नकोस. एकदाच सांगणार. भुतंखेतं मी मानत नाही, मानणाऱ्यांना मूर्ख म्हणतो. पण एकाहत्तर साली धुळ्यात जे झालं ते भरदुपारी झालं, आणि मी शुद्धीत होतो.

लखीचंद शेठच्या नव्या दुकानांचा पाया घ्यायचा होता. त्याआधी पुण्याहून एक साहेब आला, खाली जुनं काही निघतं का बघायला. खणायला मी आणि माझा धाकटा भाऊ झिपरू. साहेब बोटबोटभर माती काढायला लावी आणि थराथराला चिठ्ठी टोचे. म्हटलं, असं खणून तुमच्या नातवाच्या लग्नापर्यंत पाया होईल. पुरुषभर खाली दगडी झाकण लागलं, कडेनं लिंपलेलं. तिघांनी पहारी घालून ते बाजूला केलं.

"धान्याचं पेव! सहाशे वर्षांत उघडलेलं नाही," साहेब हरखला. "तळाची माती हवी. उद्या इथं काँक्रीट पडेल."

पेव मला ठाऊक. कोंडलेल्या हवेनं माणूस मरतो, म्हणून आधी कंदील सोडायचा. पहिल्या खेपेला तो विझतोच. मग एक दिवस तोंड उघडं ठेवायचं.

हा विझला नाही. तळाशी टेकून निवांत जळत राहिला. तिथंच मला कळायला हवं होतं. मी गाढव म्हणालो, हवा चांगली आहे.

झिपरूनं कमरेला दोर बांधला. "भूत भेटनं ते तुना रामराम सांगसू, भाऊ."

"सांग. आणि तंबाखू माग."

खाली खरवडल्याचा आवाज आला. मग थांबला.

"भाऊ... आठे बठ्ठं ओलं शे. आत्तेच कोनी सारवेल शे..."

"आत्ताच सारवलेलं? वर ये!"

ओढला. हलका लागला. वर येऊन डोळे मिचकावत उभा राहिला. मी त्याच्या कमरेची गाठ सोडत होतो, तेवढ्यात खालून झिपरूचा आवाज आला.

"भाऊ, दोर सुटी गया... ओढ ना रे."

साहेबाची वही पडली. तो उचलायलाही थांबला नाही, पळाला.

वरचा झिपरू माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "बुजी टाक ते पेव."

"भाऊ, मी शे... कंदील इझी गया..." खालून आलं.

दोर माझ्या हातात होता. वाकून खाली सोडायचा, एवढंच. लहानपणापासून मीच वाढवलेला तो. पण दोघांतला कोणता, हे ठरेना, आणि हात हलेना.

वरच्यानं एकट्यानं झाकण सरकवलं. माती कालवून कडा लिंपल्या, सावकाश, चार बोटांनी. हाक पातळ होत गेली... मग नाहीच.

हात धुऊन तो माझ्याजवळ आला.

"चाल, भाऊ. आपलं घर कोठे शे?"

मी दाखवलं.