झोपाळ्याच्या कड्या

ही गोष्ट मित्राच्या मित्राकडून ऐकलेली नाही. शहाद्यातल्या ओळखीच्या घरातली आहे. जिच्यावर बेतली ती बाई आजही त्याच घरात राहते. ज्या दिवशी तिने हे सांगितलं, त्या दिवशी तिच्या हातचा चहा कपातच निवला होता.

खरी आहे. आणि रात्रीची नाही, भर दुपारची आहे.

रात्रीची भुतं परवडली. सकाळ झाली की जातात तरी. दुपारची भुतं जेवणं आटोपली की येतात आणि चहापर्यंत हलत नाहीत.

तिचं नाव एकता. माहेर जवळच्या खापर गावचं. सासरे उमेदमलशेठ, शहाद्यात बियाणं आणि खतांचं जुनं दुकान. घर ऐसपैस. हॉलच्या मधोमध सागवानी झोपाळा, चार पितळी साखळ्यांवर टांगलेला. आल्या-गेल्या माणसाची किंमत शेठ त्या झोपाळ्यावर बसून करायचे. कुणासाठी झोका थांबवायचा आणि कुणाशी झोके घेता घेता बोलायचं, हे त्यांचं ठरलेलं असायचं.

मग अर्धांगवायू झाला. एक बाजू गेली, वाचा गेली.

पलंगावर त्यांना झोप लागेना. झोपाळ्यावर लागायची. पण झोपाळा हलता हवा.

दुपारी जेवण झालं की त्यांना झोपाळ्यावर आडवं करायचं. शेजारी मोढा घेऊन एकताने बसायचं. फळीला टाच लावायची आणि झोका देत राहायचं. झोका मंदावला की शेठ चांगल्या हातातली अंगठी साखळीवर वाजवायचे.

टिक. टिक.

म्हणजे, दे.

हे काम एकताला कुणी दिलं नव्हतं. घरात अशी कामं कुणी कुणाला देत नाही. जो एकदा करतो, त्याची होतात. जिनेश, तिचा नवरा, दुकानात असायचा. सुनेला 'बिंदणी' म्हणणाऱ्या सासूबाई कंचनबाईंचे गुडघे नेमके दुपारी दुखायचे. वर्षं गेली. एकताची टाच दगडासारखी झाली. साखळी अडकवलेल्या छतातल्या कडीतून झडणारी काळी, तेलकट भुकटी तिच्या प्रत्येक साडीच्या खांद्यावर बसली.

गेल्या पौषात शेठ गेले.

कंचनबाईंनी त्याच दिवशी झोपाळा उतरवायला लावला. "रिकामा झोपाळा हलू नये," म्हणाल्या. फळी आणि साखळ्या गोणपाटात बांधून दुकानाच्या गोदामात गेल्या. स्लॅबमध्ये राहिल्या फक्त चार कड्या.

एकताला शिखरजीची यात्रा नको होती. सुरतची साडी नको होती. तिला दुपारची झोप हवी होती. एवढंच.

आता जिनेशचं ऐका. बापाच्या दुखण्यात हा माणूस टीव्ही आवाज बंद करून बघत होता. आता त्याला सगळ्याची भरपाई हवी होती. पुढे-मागे स्पीकर होतेच. पण समाधान होईना. याला छतातूनही आवाज हवा होता.

"पाऊस वरून पडतो," तो म्हणायचा. "मग आवाज बाजूने का यावा?"

त्याने हेमकांतला बोलावलं. हेमकांतचं दुकान बसस्थानकाजवळ. साऊंडचं काम करावं तर त्यानेच. त्याने मान वर केली आणि हसला.

"कड्या शेतस ना, शेठ. स्लॅबले भोकं कशाले पाडतस?"

जिनेश खूश. व्यापाऱ्याच्या घरात रिकामी कडी म्हणजे रिकामं गोदाम. छतातले चारही नवे स्पीकर, पुढचे दोन, मागचे दोन, अगदी जिथे हवे तिथेच टांगले जाणार होते. आणि ऐकणाऱ्याने बसायचं त्यांच्या मधोमध. म्हणजे सोफा कुठे येणार?

जिथे झोपाळा होता, बरोब्बर तिथे.

कंचनबाई आतल्या खोलीच्या दारात आल्या.

"कड्यांना काही टांगू नका. त्यांना भाराची सवय आहे."

"बाई, स्पीकर आहेत," जिनेश आईला म्हणाला. "बाबूजी नाहीत."

कंचनबाई एक गोष्ट दोनदा सांगत नाहीत. आत गेल्या.

संध्याकाळी स्पीकर लटकले. राहिलं एकच काम. स्पीकर चालवणाऱ्या यंत्राला आधी खोली मोजावी लागते. सोफ्यावर कानाच्या उंचीला छोटा माइक ठेवायचा. यंत्र एकेका स्पीकरमधून आवाज सोडतं, माइक ऐकतो, आणि कुणाचा आवाज किती ठेवायचा ते यंत्र स्वतःच ठरवतं. अट एकच. खोलीत टाचणी पडल्याचाही आवाज नको.

ते काम दुसऱ्या दिवसावर गेलं. दुपारी रस्ता शांत असतो, म्हणून दुपारची वेळ ठरली.

वैशाखातली ती दुपार. बाहेर कुत्रंसुद्धा नव्हतं. जिनेश दुकानात. हेमकांतने बटण दाबलं.

टीव्हीवर अक्षरं आली. खोलीत आवाज जास्त आहे. पुन्हा प्रयत्न करा.

"पंखा बंद करा, भाभी."

पंखा बंद. पुन्हा तेच.

एसी बंद. फ्रिज बंद. स्वयंपाकघराचा नळ घट्ट केला. घामाने अंगावरचे कपडे चिकटले.

खोलीत आवाज जास्त आहे.

"आते काय ऱ्हायनं?" हेमकांत वैतागला. "भाभी, वरना मजलावर कोणी शे का?"

"वर गच्ची आहे. कुलूप आहे."

दोघांनी कान दिला.

आणि मग एकताला ऐकू आलं...

करर्र... कट.

करर्र... कट.

हळू. दमलेलं. वरून.

हेमकांतनेही ऐकलं. एखादा स्पीकर सैल असेल म्हणून शिडी लावून वर गेला. कडीला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"काय झालं?"

"कडी गरम शे."

स्पीकर हलत नव्हता. त्यातून वीज जात नव्हती. पण लोखंडावर लोखंड घासावं तशी ती कडी तापली होती.

एकताने सोफ्याकडे पाहिलं. नवी, पांढरी खोळ होती. सकाळीच घातलेली.

तिच्यावर काळी भुकटी पडली होती.

हेमकांत खाली उतरला. भ्यायला होता, पण काम अर्धं सोडणाऱ्यातला नव्हता. माइकचा स्टँड डगमगतोय अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

"भाभी, हाऊ माइक धरीसन बठा. आजिबात हालू नका."

एकता बसली. झोपाळ्याच्या जागी.

करर्र... कट...

आणि मग...

टिक. टिक.

पितळेवर अंगठी.

ती अंगठी आता जिनेशच्या बोटात होती. जिनेश दुकानात होता.

एकता म्हणते, त्यापुढे तिने काही ठरवून केलं नाही. माइक धरलेला हात स्थिर होता. पण पाय... पाय तिला न विचारता हलला. टाच उचलली, टेकली. उचलली, टेकली. समोर फळी नसताना.

करकर एका लयीत आली.

मग बारीक झाली.

मग कुणी गाढ झोपावं तशी थांबली.

स्पीकरमधून मोजणीचे आवाज एकामागून एक सुटले. यंत्राने काम पूर्ण झाल्याचं सांगितलं. हेमकांतने हत्यारं गोळा केली, चहाला नको म्हणाला आणि गेला. चहाला नको म्हणणारा माणूस तो नव्हे.

रात्री जिनेशने पावसाचं एक दृश्य लावलं. पाऊस खरंच वरून पडला. शेजारी बघायला आले. जिनेशने प्रत्येकाला सोफ्याच्या मधोमध बसवलं आणि प्रत्येकाकडून कौतुक वसूल केलं. कुणाला काही झालं नाही.

दुसऱ्या दुपारी एकता आडवी झाली. डोळा लागतोय तोच...

टिक. टिक.

यंत्र बंद होतं. भिंतीतलं बटणसुद्धा बंद होतं.

तिने उशी कानावर दाबली. टिक थांबेना. ती वरच्या गच्चीच्या जिन्यात जाऊन झोपली. तिथे ऐकू आलं नाही. पण डोळे उघडले तेव्हा तिची टाच जिन्याच्या पायरीवर घासत होती, आणि सोलली होती.

मग ती रोज सोफ्यावर बसू लागली. दुपारची जेवणं झाली की. टाच हलवायची, करकर निजेपर्यंत. निजली की चहाची वेळ झालेली असायची.

तिने जिनेशला सांगितलं.

"स्पीकर भारी आहेत," तो म्हणाला. "म्हणून बारीकसारीक ऐकू येतं."

तिने हट्ट धरला तेव्हा त्याने हेमकांतकडून स्पीकर उतरवले. दुपारी मोकळ्या कड्या करकरल्या. कड्या कापायची गोष्ट निघाली, तर हेमकांत म्हणाला, "मन्हा हात लागाव नही, शेठ." दुसरा कारागीर दुपारी आला, वर पाहिलं आणि गेला. शेवटी स्पीकर परत चढले. जिनेश स्वतः कधी दुपारी थांबला नाही. दुकान असतं ना.

एकदा एकता सोफ्यावर टाच हलवत होती आणि कंचनबाई समोर येऊन बसल्या. बराच वेळ त्या पायाकडे बघत राहिल्या.

"तुम्हाला ऐकू येतं ना, बाई?" एकताने विचारलं.

"या कड्या या घरच्या नाहीत," कंचनबाई म्हणाल्या. "जुन्या घराच्या तुळईतून काढून आणल्या. नवं लोखंड कशाला घ्यायचं, म्हणाले तुझे सासरे."

"मग?"

"त्या घरी माझे सासरे निजायचे झोपाळ्यावर. मी झोका द्यायची. ते गेले, तरी द्यायची. तुझे सासरे मजेने झोपाळ्यावर बसायचे, मी खाली बसून पाय हलवायची. लोकांना वाटायचं, बाई किती सेवा करते."

एकताची टाच थांबली. वर लगेच टिक झालं. तिने पुन्हा हलवली.

"मग तुमचं कधी थांबलं?"

कंचनबाईंनी गुडघे चोळले. त्या दुपारी गुडघे दुखत नव्हते.

"थांबलं कुठे, बिंदणी. तू येऊन मोढ्यावर बसलीस."

त्या उठून आत गेल्या. वर्षानुवर्षं त्या रोज दुपारी छान झोपतात.

आता शेवटचं.

एकताचा मुलगा पुण्यात नोकरी करतो. आषाढात त्याच्यासाठी मुलगी बघायला बोलावली. खापरचीच, एकताच्या माहेरच्या ओळखीतली. काजल नाव. हसरी, बोलकी पोर. एकतानेच तिला लहानपणी कडेवर घेतलेलं.

एकताने सकाळीच ठरवलं होतं. मुलीला खुर्चीवर बसवायचं. सोफ्यावर नाही.

पण पाहुणे जेवले, पान खाल्लं, आणि जिनेशला त्याचे स्पीकर आठवले.

"बेटा, तू मधोमध बस. तिथूनच खरी मजा येते."

काजल बसली. जिनेशने पाऊस लावला, बंद केला, कौतुक घेतलं. मग बोलणी सुरू झाली. मुलीचा मामा बोलत होता, जिनेश बोलत होता. एकता समोरच्या खुर्चीत.

करर्र... कट.

बोलणाऱ्यांपैकी कुणाला ऐकू गेलं नाही. कंचनबाईंनी मान वर केली. एकताने दोन्ही पाय फरशीवर घट्ट दाबले. ती म्हणते, फक्त आज नको, एवढंच मनात होतं. फक्त पाहुणे जाईपर्यंत नको.

टिक. टिक.

आणि मग तिने काजलकडे पाहिलं.

पोर मामाचं बोलणं ऐकत होती. गालात हसत होती. तिची टाच साडीच्या काठाखालून बाहेर आली होती.

उचलली, टेकली.

उचलली, टेकली.

करकर लयीत आली.

एकताच्या ओठांवर वाक्य आलं होतं. बेटा, तिथे ऊन येतं, इकडे बस. एवढंच म्हणायचं होतं. कंचनबाई तिच्याकडे बघत होत्या.

आणि एकताला झोप आली.

पाहुण्यांसमोर, खुर्चीत, मान टाकून. चहा निवला तरी जाग नाही. जिनेशला लाज वाटली. काजलची आई म्हणाली, "असू द्या. दमल्या असतील."

एकता सांगते, तशी झोप तिला लग्नानंतर कधी लागली नव्हती.

परवा त्यांच्याकडे जाणं झालं. एकता सोफ्यावर होती. डोळ्यांखाली काळं, खांद्यावर भुकटी, आणि फरशीवर टाच हलत होती. तिला सांगितलं, सोफा तरी हलवा तिथून. मुलीला तरी सांगा.

"सांगायचं आहे," ती म्हणाली.

"कधी?"

तिने वर पाहिलं. कड्या शांत होत्या.

"लग्न होऊ दे. मग बघू."

मार्गशीर्षातली तारीख निघाली आहे. पत्रिका इथे टेबलावर पडली आहे, मागे काजलच्या वडिलांचा नंबर आहे. दोनदा फोन हातात घेतला.

काय सांगणार? स्पीकर करकरतात म्हणून?

दोन्ही वेळा खाली ठेवला.