आठव्या टप्प्यावरचं ‘पाहिलं’

ही घटना खरी आहे. मी तिच्यात पदरचं काही घातलेलं नाही. उलट एक-दोन गोष्टी गाळल्या आहेत, कारण ज्यांच्या बाबतीत हे घडलं त्या मास्तरांनीच तसं सांगितलं.

वेळ रात्रीची नव्हती. दुपारचे सव्वातीन वाजले होते. हंगामातला शेवटचा गुरुवार. जागा म्हणजे एका बर्फाळ डोंगराचा उभा दगडी कडा.

थोडं आधी समजावून सांगतो, म्हणजे पुढे अडायला नको.

या कड्यावर चढणाऱ्यांची रीघ लागलेली असते. वर जाऊन आलेली माणसं दोरावरून उतरतात. उतरायचे बारा टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्यावर दगडात पक्के बसवलेले दोन पोलादी बोल्ट. त्या बोल्टांतून नायलॉनची पट्टी ओवायची आणि गाठ मारून तिचा फास करायचा. त्याला स्लिंग म्हणतात. स्लिंगमधून दोर टाकायचा, खालच्या टप्प्यावर उतरायचं आणि दोर ओढून घ्यायचा.

स्लिंग मात्र वरच राहते. ती सोडवायला परत वर कोण जाणार?

मागून येणारा ती बघतो. विटकी दिसते, भरवसा वाटत नाही. तो शेजारी आपली नवी बांधतो. त्याच्या मागचा आणखी एक. हंगाम सरता सरता प्रत्येक टप्प्यावर लाल, निळ्या, पिवळ्या पट्ट्यांचा नुसता गुंता होतो. उन्हानं नायलॉन मरतं, आणि कुठली पट्टी मेली, कुठली जिवंत, ते नुसतं बघून कळत नाही.

दर वर्षी हा गुंता कापून प्रत्येक टप्प्यावर एकच नवी स्लिंग बांधायची, हे मास्तरांचं काम. कुणी सांगितलेलं नाही. शाळेत गणित शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी मुलांना गाठी मारायला शिकवायचे, त्यातून हे मागे लागलं ते लागलंच.

मास्तरांचे नियम दोन. दुसऱ्यासाठी जे बांधलं, त्यावर आधी आपण लटकायचं. हा पहिला.

दुसरा असा. बांधणाऱ्यानं म्हणायचं, “बांधलं.” मग जोडीदारानं गाठ हातात धरायची. गाठीबाहेर उरलेली पट्टीची टोकं चार बोटं भरतात का, ते मोजायचं. कमी भरली तर गाठ वजनानं सरकत सरकत सुटते. मोजून झालं की म्हणायचं, “पाहिलं.”

तो शब्द कानावर पडेपर्यंत वजन टाकायचं नाही.

अकरा वर्षांपूर्वी मास्तरांचा जोडीदार होता एक सुतार. हसरा, हाताचा पक्का माणूस. तो आठव्या टप्प्यावरून पडला आणि गेला. कुणीतरी सोडलेली जुनी स्लिंग तुटली, असं मास्तरांनी खाली येऊन सांगितलं. सगळ्यांनी मानलं. मास्तरांवर कोण अविश्वास दाखवणार?

ते खरं नव्हतं.

सुताराची लेक तेव्हा सतरा वर्षांची होती. पुढे वायरमनचं काम शिकली. चार वर्षांपूर्वी ती मास्तरांच्या दारात येऊन उभी राहिली. “काका, मला न्या. ती स्लिंग कुणी सोडली ते कळणार नाही. पण तसल्या सगळ्या कापायच्या आहेत मला.”

तेव्हापासून ती कापत होती, दात-ओठ खाऊन. आणि मास्तर गप्प राहून, कापलेल्या पट्ट्या टाकायच्या पिशवीचं तोंड धरत होते.

त्या वर्षी मास्तर एकाहत्तरचे. यानंतर येणं होणार नव्हतं. जाकिटाच्या आतल्या खिशात त्यांनी एक लाल पट्टी घडी करून ठेवली होती. अकरा वर्षं ती कपाटात, हत्यारांच्या डब्यामागे होती.

आज तिला सांगायचंच, असं ठरवून ते निघाले होते.

पहिल्या टप्प्यावर सांगणार होते. मग म्हटलं, दुसऱ्यावर. पाचव्यावर तोंड उघडलं, आणि पाणी मागितलं.

“काका, तुमचे गुडघे बोलतात की दोर?” ती म्हणाली.

“गुडघे. दोर अजून तरुण आहे.”

“पुढच्या वर्षी तुम्ही खालीच थांबा. चहा करून ठेवा.”

“चहाच करायचा, तर घरी बसून करीन की.”

“घरी बसलात तर काकू महिन्यात मला फोन करतील, घेऊन जा म्हणून.”

मास्तर हसले. हसायचाही कंटाळा आला होता. सहावा झाला. सातवा झाला. पिशवी भरत आली होती. खांदे भरून आले होते. वर्षानुवर्षं तेच बोल्ट, त्याच पट्ट्या, आणि पुढच्या हंगामात पुन्हा तोच गुंता.

आठव्या टप्प्यावर पोचले, आणि धुकं आलं.

इथे एक अडचण आहे. आठव्यावरचे बोल्ट जुने. त्यांची भोकं इतकी अरुंद, की पट्ट्या कशाबशा जातात, पण कॅरॅबिनर, म्हणजे आपला कमरेचा हुक, त्यात बसत नाही. म्हणून इथे दोघांनीही आधी जुन्या स्लिंगांच्या गुंत्यावरच लटकायचं. नवी बांधायची. मग एकानं हुक काढून नव्या स्लिंगवर जायचं. नव्या स्लिंगनं धरलं की दुसऱ्यानं जायचं. जुन्या सगळ्यात शेवटी कापायच्या.

दोर वरून ओढून घेतला होता. तो मास्तर गोळा करत होते. तिची त्यांच्याकडे पाठ होती. थंडीनं बोटं कडक झाली होती तिची. पट्टी ओवली. गाठ मारली.

“बांधलं.”

मास्तरांनी दोराचा शेवटचा वेढा हातावर घेतला. आता वळायचं, गाठ धरायची, मोजायचं. एवढंच.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं…

वारा थांबला होता.

कमरेच्या लोखंडाची किणकिण थांबली होती. पिशवीची सळसळ नाही. खाली ओढ्याचा आवाज दिवसभर येत होता. तोही नाही.

आणि मग…

“पाहिलं.”

आवाज मास्तरांचा होता. थकलेला, थोडा घोगरा, शब्दाच्या शेवटी किंचित खाली उतरणारा. चाळीस वर्षं वर्गात वापरलेला आवाज माणूस ओळखतोच.

पण मास्तरांचं तोंड मिटलेलं होतं.

तिनं हुक काढला. नव्या स्लिंगमध्ये अडकवला. आणि पाय दगडावर रोवून मागे झुकायला लागली…

मास्तरांनी दोराचे वेढे तसेच दंडावर सरकू दिले आणि दोन्ही हातांनी तिच्या कमरेचा पट्टा धरला.

“थांब. पाहिलं नाही मी.”

“आत्ता म्हणालात की.”

“मी नाही म्हणालो.”

“काका, माझ्या कानाशी म्हणालात.”

“आधी हुक जुन्यात घाल. मग बोलू.”

तिनं घातला. मग दोघांनी गाठ बघितली. एक टोक चार बोटं होतं. दुसरं… एक बोटही नव्हतं.

वारा परत सुरू झाला. खालचा ओढाही ऐकू यायला लागला. मास्तरांनी जाकिटाचा आतला खिसा उघडला.

त्यांनी लाल पट्टी तिच्या हातात दिली.

वायरीची तपासणी करावी तशी तिनं पट्टी बोटांतून सरकवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग उलटी करून पुन्हा.

“ही कुठे तुटलेली नाही,” ती म्हणाली. “नवी आहे ही.”

“हो.”

“बाबांची?”

“त्यानं बांधली. ‘बांधलं’ म्हणाला. मी असाच दोर गोळा करत होतो. दमलो होतो. सात वेळा बघितलं होतं, सातही वेळा बरोबर होतं. मी न बघताच ‘पाहिलं’ म्हणालो. तो नव्यावर गेला, गाठ सुटली. पट्टी तेवढी बोल्टात राहिली. मी जुन्यांवर लटकलेलो होतो. कुणीकुणी सोडलेल्या त्या पट्ट्यांनी मला धरलं. आणि खाली येऊन मी नाव त्यांचंच घेतलं.”

तिनं पट्टीची पुन्हा घडी घातली. मास्तरांना वाटलं, आता ती काय वाटेल ते बोलेल. ते ऐकायची त्यांची तयारी होती. अकरा वर्षं होती.

ती म्हणाली, “बाबा घरी सांगायचे. आठव्यावर मास्तर दोनदा ‘पाहिलं’ म्हणतात. पहिल्यांदा त्यांची पाठ फिरलेली असते, दुसऱ्यांदा गाठीशी येऊन. आई म्हणायची, कड्याचा घुमारा असेल. बाबा म्हणायचे, घुमारा नंतर येतो, आधी नाही.”



“मला कधी बोलला नाही तो.”

“तुम्ही चिडाल म्हणून. त्या दिवशी तुम्ही किती वेळा म्हणालात?”

“एकदाच.”

“नक्की तुम्हीच?”

मास्तरांनी आठवून बघितलं. शब्द आठवत होता. आवाज आठवत होता. हातातला दोर, खांद्यातली कळ, सगळं आठवत होतं. अकरा वर्षं रोज आठवलेलं होतं.

फक्त… तोंड उघडल्याचं आठवत नव्हतं.

“सांगता येत नाही,” ते म्हणाले. “न बघता म्हणालो असेन, नाहीतर म्हणालोच नसेन. पण गाठ बघितली नाही, एवढं नक्की. ते माझंच काम होतं.”

ती “चुकलात” म्हणाली नाही, “जाऊ द्या”ही म्हणाली नाही. तिनं गाठ सोडली, बोटांवर फुंकर मारली आणि पुन्हा बांधली. टोकं ओढून सारखी केली.

“बघा.”

मास्तरांनी गाठ धरली. एक टोक, चार बोटं. दुसरं टोक, चार बोटं. ते तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, “शब्द नको. खांद्यावर हात ठेवा.”

त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती नव्यावर गेली. स्लिंगनं धरलं.

जुन्या पट्ट्या कापायची वेळ आली, तेव्हा तिनं सुरी मास्तरांकडे दिली. त्या वर्षी आठव्यावरच्या पट्ट्या त्यांनी कापल्या, एकेक करून, सावकाश. उरलेले चार टप्पे दोघं उतरले.

मास्तर त्यानंतर कड्यावर गेले नाहीत. लोकांना खरं काय ते त्यांनी सांगितलं, सुताराच्या बायकोलाही. ती काय म्हणाली, ते मी गाळतो आहे.

पुढच्या हंगामात लेक एका पोस्टमनला जोडीला घेऊन गेली. नियम तेच, फक्त शब्द बंद. बांधणाऱ्यानं हात वर करायचा, बघणाऱ्यानं खांद्यावर हात ठेवायचा. तिथून आल्यावर तिसऱ्या दिवशी ती मास्तरांकडे आली. चहा झाला. कपही तिनं विसळून ठेवले.

शेवटी मास्तरांनीच विचारलं. “आठव्यावर?”

“आला आवाज.”

“माझा?”

“तुमचा नंतर आला, काका. त्याआधी कुणीतरी ‘बांधलं’ म्हणालं.”

कुणाच्या आवाजात, ते मास्तरांनी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

मी परवा त्यांच्याकडे गेलो होतो. फिरायला निघायचं म्हणून ते बूट घालत होते. नाडीची गाठ मारली, आणि तसेच वाकून थांबले. मी म्हटलं, काय हो, कंबर धरली का?

त्यांनी हातानं मला गप्प राहायला सांगितलं.

थोड्या वेळानं ते उठले. म्हणाले, “चला… आज नाही आला.”